विश्लेषण : चेन्नईची गाडी कुर्डुवाडी सोडून दूधसागरला कशी पोहोचली? चित्रपटांतील चुका का होतात, कुणाला दिसतात?

मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी कल्याण, पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर, वाडी, गुंतकल या मार्गाने जाते. 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३) या चित्रपटात मात्र हीच गाडी दूधसागर धबधब्यापाशी थांबते. दूधसागर गोव्यात, कर्नाटकच्या सीमेलगत आहे. तिथला लोहमार्ग कॅसलरॉकहून घाट उतरून कुळेमार्गे वास्कोकडे जातो. देशभरातील प्रेक्षकांनी ते दृश्य कौतुकाने पाहिले. पण माळशिरस तालुक्यातील श्रीपूरसारख्या गावात, जिथे रेल्वेने कुठे जायचे तर आधी कुर्डुवाडी किंवा पंढरपूर गाठावे लागते, तिथल्या प्रेक्षकाला ही गाडी भलत्याच वाटेला लागल्याचे लगेच कळते.

अशा चुका शोधणे हा आता मोबाइलवरचा लोकप्रिय उद्योग झाला आहे. पडद्यामागचे किस्से आणि 'ही चूक तुम्ही पाहिलीत का' अशा रील्सना लाखो प्रेक्षक मिळतात. मात्र या चुका नेमक्या होतात कशा, शेकडो माणसांच्या नजरेखालून त्या सुटतात कशा आणि चूक म्हणून सांगितली जाणारी प्रत्येक गोष्ट खरेच चूक असते का, हे समजून घेणे अधिक रंजक आहे.

चुकांचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने पाच प्रकार सांगता येतात.

पहिला, सातत्याची म्हणजे कंटिन्युइटीची चूक. एकाच प्रसंगातील दोन शॉट जुळत नाहीत. 'प्रिटी वूमन' (१९९०) मध्ये न्याहारीच्या दृश्यात ज्युलिया रॉबर्ट्सच्या हातातील क्रोसाँ पुढच्या शॉटमध्ये पॅनकेक होतो. 'कमांडो' (१९८५) मध्ये एका बाजूने चेपलेली पिवळी पोर्शे गाडी काही क्षणांत धडधाकट होऊन धावू लागते. 'द विझार्ड ऑफ ओझ' (१९३९) मध्ये डोरोथीच्या केसांची लांबी एकाच प्रसंगात कमी-जास्त होते.

दुसरा, युनिटचे सामान चौकटीत येणे. 'ग्लॅडिएटर' (२०००) मध्ये रोमन आखाड्यात रथ उलटतो आणि त्याच्या मागच्या बाजूला गॅसची टाकी दिसते.

तिसरा, काळाची चूक. 'भाग मिल्खा भाग' (२०१३) मध्ये लष्करात असलेला मिल्खा १९५० च्या दशकात जे गाणे म्हणतो, ते 'सन ऑफ इंडिया' या १९६२ च्या चित्रपटातील आहे.

चौथा, भूगोलाची चूक. चेन्नईची गाडी दूधसागरला नेणे या प्रकारात मोडते.

पाचवा, तर्काची चूक. कथेतच एखादी गोष्ट पटत नाही. 'शोले'मधील पाण्याची टाकी हे त्याचे सर्वात गाजलेले उदाहरण. त्याकडे पुढे येऊ.

कंटिन्युइटी बिघडते कशी?

चित्रपट ज्या क्रमाने दिसतो, त्या क्रमाने तो चित्रित होत नाही. नायकाच्या घरातील पहिला प्रसंग आणि शेवटचा प्रसंग एकाच दिवशी घेतले जाऊ शकतात, कारण ते घर तेवढेच दिवस भाड्याने मिळालेले असते. नायिका दारातून बाहेर पडते तो शॉट वाईत आणि ती रस्त्यावर पाऊल टाकते तो शॉट दोन महिन्यांनी मुंबईच्या फिल्मसिटीत, असेही घडते. कलाकारांच्या तारखा, जागेचे भाडे, ऊन-पाऊस आणि पैसा यांवर चित्रीकरणाचा क्रम ठरतो.

एकच प्रसंगही तुकड्यातुकड्यांनी घेतला जातो. आधी सगळे पात्र दिसतील असा मास्टर शॉट, मग एकेकाचे क्लोजअप, मग हातातील पत्राचा किंवा चहाच्या कपाचा शॉट. प्रत्येकाचे अनेक टेक होतात. दोन मिनिटांच्या जेवणाच्या प्रसंगाला सबंध दिवस लागला, तर कलाकाराने तेवढ्या वेळात तोच घास कितीतरी वेळा उचललेला असतो. ताटातली भाकरी कोणत्या वाक्याला मोडली, पाण्याचा तांब्या डाव्या हाताला होता की उजव्या, घाम किती आला होता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, हे सगळे दर वेळी तसेच जुळवावे लागते.

आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही. 'शोले'मध्ये हवेलीच्या व्हरांड्यात जया भादुरी दिवे मालवते आणि समोर अमिताभ बच्चन माऊथ ऑर्गन वाजवतो, तो प्रसंग पडद्यावर दोन मिनिटांचाही नाही. छायाचित्रणकार द्वारका दिवेचा यांना त्यासाठी मावळतीनंतरचा विशिष्ट संधिप्रकाश हवा होता. तो रोज काही मिनिटेच मिळतो. त्यामुळे तेवढ्या दृश्याला सुमारे २० दिवस लागले. इतके दिवस जोडूनही ती एकच संध्याकाळ वाटते, हे कंटिन्युइटीचे यश. ते कुणी रीलमध्ये दाखवत नाही.

हे काम कुणाचे असते?

मोठ्या परदेशी निर्मितीत 'स्क्रिप्ट सुपरवायझर' नावाची स्वतंत्र व्यक्ती असते. हॉलिवूडमध्ये हे काम बहुधा स्त्रिया करत आणि त्यांना फार काळ 'कंटिन्युइटी गर्ल' म्हटले जाई. हिंदी-मराठी युनिटमध्ये ही जबाबदारी बहुतेकदा एखाद्या सहायक दिग्दर्शकावर येते. तो कॅमेऱ्याशेजारी पटकथेची प्रत घेऊन बसतो. प्रत्येक टेकमध्ये कुणी कोणत्या शब्दाला मान वळवली, कुणाच्या हातात काय होते, कोणता टेक दिग्दर्शकाला आवडला, हे तो टिपून ठेवतो. क्लॅपवर लिहिलेले सीन, शॉट आणि टेकचे आकडे या नोंदींशी जुळलेले असतात. संकलनाच्या टेबलावर पोहोचलेल्या फुटेजच्या ढिगातून नेमका तुकडा सापडतो, तो या नोंदींमुळे.

पूर्वी या कामासाठी पोलरॉइड कॅमेरा वापरत, कारण फोटो लगेच हाती येई. आता मोबाइलवर फोटो काढून वेशभूषा, केशभूषा आणि कला विभागाला पाठवले जातात. काम सोपे झाले, पण जबाबदारी तीच राहिली. या माणसाच्या कामाची गंमत अशी की ते उत्तम झाले तर कुणालाच दिसत नाही. श्रेयनामावलीत त्याचे नाव येते तेव्हा चित्रपटगृहातील दिवे लागलेले असतात. चूक झाली तर मात्र तीच एक चौकट वर्षानुवर्षे फिरत राहते.

मग चूक पडद्यावर येतेच कशी?

याचे उत्तर अनेकांना अनपेक्षित वाटेल. पुष्कळ चुका संकलकाला ठाऊक असतात आणि तरीही त्या ठेवल्या जातात.

'अपोकॅलिप्स नाऊ'चे संकलक वॉल्टर मर्च यांनी दोन शॉट कुठे जोडावेत यासाठी सहा निकष सांगितले आणि त्यांना टक्केवारीत वजन दिले. भावना ५१ टक्के, कथा २३ टक्के, लय १० टक्के, प्रेक्षकाची नजर कुठे आहे याला ७ टक्के, पडद्याच्या सपाट चौकटीतील मांडणीला ५ टक्के आणि प्रत्यक्ष जागेतील सातत्याला ४ टक्के. म्हणजे खोलीत कोण कुठे उभे होते, हे जुळण्याला सर्वात कमी महत्त्व. सगळे निकष एकत्र साधता आले नाहीत, तर यादीच्या तळापासून एकेक सोडावा, वरून नव्हे, असा त्यांचा सल्ला आहे.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. सहाव्या टेकमध्ये नटीच्या डोळ्यांत खरे पाणी आले, पण पदर चुकीच्या खांद्यावर होता. तिसऱ्या टेकमध्ये पदर बरोबर होता, पण रडणे जमले नव्हते. संकलक सहावा टेक घेतो.

दुसरे कारण पैशाचे. चूक लक्षात येते तेव्हा सेट मोडलेला असतो, कलाकाराने पुढच्या चित्रपटासाठी दाढी काढलेली असते. एका शॉटसाठी सगळ्यांना पुन्हा बोलावणे छोट्या निर्मात्याला परवडत नाही.

प्रेक्षकाला ती दिसत का नाही?

कारण डोळा आणि मेंदू कॅमेऱ्यासारखे काम करत नाहीत. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये याचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी दोन स्त्रियांच्या गप्पांची एक छोटी चित्रफीत तयार केली आणि तिच्यात कंटिन्युइटीच्या नऊ चुका मुद्दाम पेरल्या. पहिल्यांदा ती पाहणाऱ्या दहा जणांपैकी एकालाच काहीतरी बदलल्याचे जाणवले. पुढच्या प्रयोगात तर शॉट बदलताना पात्र साकारणारी व्यक्तीच बदलली. तरीही बहुसंख्य प्रेक्षकांना पत्ता लागला नाही.

प्रेक्षक चेहरा आणि बोलणे यांचा माग काढतो. टेबलावरच्या ताटलीचा रंग मेंदू साठवूनच ठेवत नाही. म्हणून मर्च यांची टक्केवारी लहरी नाही. प्रेक्षक ज्या गोष्टीला जितके महत्त्व देतो, तितकेच वजन त्यांनी तिला दिले आहे.

पण हा नियम पहिल्यांदा, एका दमात, मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्याला लागू होतो. मोबाइलवर तोच प्रसंग थांबवून, मागे नेऊन, बोटांनी मोठा करून पाहता येतो. चित्रपट बनवणाऱ्यांनी त्या नजरेचा विचार केलेला नसतो.

भारतात हे किती जुने?

भारतीय चित्रपटाइतकेच. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार नव्हत्या, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. स्त्री-भूमिका करणाऱ्यांना मिशा काढायला राजी करणे, हे फाळक्यांपुढचे मोठे काम होते. वडील गेल्याशिवाय मिशी उतरवायची नाही, असा त्या काळचा समज होता. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटात ही सारी धडपड पाहायला मिळते.

पुढे 'लंका दहन' (१९१७) मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. सीतेच्या वेशात त्यांचे पिळदार दंड दिसत असत. आजच्या भाषेत ती ठळक चूक. तरीही लोकांनी चित्रपटाला तुफान गर्दी केली, कारण त्यांनी समोर सीतेला पाहायचे ठरवले होते.

'शोले'च्या टाकीत पाणी चढले कसे?

'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हापासून एक प्रश्न विचारला जातो. रामगढमध्ये वीज नाही, हवेलीत कंदील लावावे लागतात, मग वीरू ज्या टाकीवर चढून धिंगाणा घालतो तिच्यात पाणी चढते कसे?

शेती करणाऱ्याला हा प्रश्न फारसा अवघड वाटणार नाही. वीज पोहोचण्याआधी सोलापूर जिल्ह्यातही विहिरीचे पाणी ऑइल इंजिनवर उपसले जात होते. इंजिन टाकीलाही पाणी चढवू शकते. चित्रपटात ते इंजिन दाखवलेले नाही, एवढेच. शहरात चूक ठरलेली गोष्ट गावात चूक राहत नाही, याचे हे उदाहरण. ठाकूरचे हात मात्र निराळे. शेवटच्या मारामारीत संजीव कुमार यांचे कपड्यांत लपवलेले हात जाणवतात, असे प्रेक्षक आजही दाखवून देतात. त्याला इंजिनासारखा बचाव नाही.

'शोले'चा खरा मोठा बदल चुकीमुळे झाला नव्हता. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट चित्रित झाला. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवण्यात आली.

'लगान'च्या षटकात चेंडू किती?

आशुतोष गोवारीकर यांच्या 'लगान' (२००१) ची कथा १८९३ मध्ये घडते. त्यातील सामन्यात सहा चेंडूंचे षटक दिसते. इंग्लंडमध्ये १८८९ पासून १८९९ पर्यंत षटक पाच चेंडूंचे होते. सहा चेंडूंचे षटक १९०० मध्ये आले. षटकाराचेही तसेच. चेंडू सीमारेषेवरून गेला की सहा धावा, हा नियम १९१० मधला. त्याआधी चेंडू मैदानाबाहेर जावा लागे. म्हणजे ज्या षटकाराने चंपानेरचा लगान माफ झाला, तोच त्या काळात वादात सापडला असता.

पण आजच्या प्रेक्षकाच्या अंगवळणी सहा चेंडू पडले आहेत. पाच चेंडूंनंतर पंचाने षटक संपवले असते, तर ऐन सामन्यात चित्रपटगृहात कुजबुज सुरू झाली असती. काही चुका अज्ञानातून होत नाहीत. त्या सोयीसाठी पत्करलेल्या असतात. दूधसागरही त्यातलाच. सोलापूरच्या सपाट माळरानापेक्षा धबधब्याखालून जाणारी गाडी पडद्यावर देखणी दिसते.

महाराष्ट्र नेहमी दुसऱ्याचेच सोंग का घेतो?

मुंबईहून एका दिवसात पोहोचता येईल अशा जागा निर्मात्यांना सोयीच्या पडतात. म्हणून महाराष्ट्रातील गावे पडद्यावर सतत वेगळ्याच नावाने दिसतात. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मध्ये सिमरन धावत गाडी पकडते ते पंजाबातील स्थानक प्रत्यक्षात रायगड जिल्ह्यातील आपटा आहे. 'शोले'मधील रेल्वे दरोडा पनवेल परिसरात चित्रित झाला. 'स्वदेस' (२००४) मधील उत्तर प्रदेशचे चरणपूर म्हणजे वाईजवळचे मेणवली. याच वाई परिसराने 'गंगाजल'मध्ये बिहारचे आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये तमिळनाडूचे रूप घेतले.

बाहेरच्या प्रेक्षकाला हे कळायचे कारण नाही. वाईकराला मात्र कृष्णेचा घाट कोणत्याही नावाने दाखवला तरी ओळखू येतो. लेव्हिन आणि सायमन्स यांच्या प्रयोगातील प्रेक्षक त्या दोन स्त्रियांना ओळखत नव्हते. ओळखीच्या जागेच्या बाबतीत असे होत नाही. प्रेक्षक ताटली विसरतो, पण आपली नदी, आपले स्टेशन, आपले पीक विसरत नाही.

ऊस पडद्यावर खोटे बोलू शकतो का?

श्रीपूर हे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे गाव. इथे वर्षाचा हिशेब उसावर चालतो. समजा, एखाद्या चित्रपटात प्रेमी युगुल उसाच्या फडात लपले आहे. एका शॉटमध्ये उसाला पांढरा तुरा आला आहे, दुसऱ्यात ऊस जेमतेम छातीएवढा आहे. मुंबईत संकलन करणाऱ्याला दोन्ही हिरवेच दिसतील. इथल्या प्रेक्षकाला कळेल की पहिला शॉट हिवाळ्यातला आणि दुसरा त्याच्या काही महिने मागचा-पुढचा. पात्रे म्हणत असतील की जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि मागून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर जात असेल, तर गाळप हंगाम कधी असतो हे युनिटमध्ये कुणाला माहीत नव्हते, एवढे नक्की होते.

शिवाय ऊस परत आणता येत नाही. चित्रीकरणाच्या दोन टप्प्यांमध्ये फडाला कोयता लागला, तर तसा उभा ऊस त्या रानात पुन्हा दिसायला सुरू उसाला वर्षभर आणि आडसालीला दीड वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. उजनीच्या फुगवट्याचेही तेच. पावसाळ्यानंतर पाणी जिथवर पसरते, तिथे उन्हाळ्यात कोरडी जमीन असते.

'सैराट'ने काय वेगळे केले?

२९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेला 'सैराट' याच जिल्ह्यात घडला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. चित्रीकरणाचा मोठा भाग त्याच तालुक्यात झाला आणि करमाळ्याची पायऱ्यांची विहीर जगभर पोहोचली. आर्चीची भूमिका करणारी रिंकू राजगुरू श्रीपूरच्या शेजारच्या अकलूजची, तेव्हा शाळकरी मुलगी. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला होता. अजय-अतुल यांच्या संगीतातील वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत लॉस एंजेलिसला झाले. म्हणजे सूर सातासमुद्रापार मुद्रित झाले, पण गाव, बोली आणि चेहरे इथलेच राहिले.

पळून गेलेले आर्ची-परश्या हैदराबादला पोहोचतात, हेही इथल्या माणसाला पटते. सोलापूरकरासाठी हैदराबाद हे कामधंद्यासाठी जवळचे मोठे शहर आहे. चित्रपटाचा शेवट आवाजाविना होतो. तोवर उभे केलेले गाव खरे वाटले नसते, तर ती शांतता अंगावर आली नसती. 'सैराट' १०० कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्यावर बेतलेल्या हिंदी 'धडक' (२०१८) ची कथा उदयपूरला हलवण्यात आली. जागा बदलली, तशी मूळ कथेतील जातवास्तवाची धारही बोथट झाल्याची टीका झाली. कपडे आणि कप जुळवता येतात. एखाद्या गावात कोण कुणाशी कसे बोलते, हे जुळवायला तिथला माणूस लागतो.

अपघातही पडद्यावर राहतात?

काही वेळा मुद्दाम. 'कुली' (१९८३) च्या चित्रीकरणात जुलै १९८२ मध्ये बंगळूरु येथे पुनीत इस्सरबरोबरच्या मारामारीच्या दृश्यात अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले. दिग्दर्शक मनमोहन देसाई यांनी नेमक्या त्या क्षणी पडद्यावरील चित्र थांबवून, इथेच दुखापत झाली अशी सूचना दाखवली. कथेत मरणार असलेला नायक त्यानंतर जिवंत ठेवण्यात आला. 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' (१९८१) मध्ये हॅरिसन फोर्ड तलवारबाजाला थेट गोळी घालतो, तो विनोदी क्षणही असाच जन्मला. ट्युनिशियात फोर्डचे पोट बिघडले होते आणि लांबलचक मारामारी करण्याचे त्राण त्याच्यात नव्हते.

मोबाइलवरचे सगळेच किस्से खरे असतात का?

नाही. 'द विझार्ड ऑफ ओझ'मध्ये मागच्या झाडीत फाशी घेतलेला माणूस दिसतो, ही अफवा अनेक वर्षे फिरते आहे. तो प्रत्यक्षात सेटवर सोडलेला मोठा पक्षी आहे. 'थ्री मेन अँड अ बेबी' (१९८७) मध्ये पडद्याआड मुलाचे भूत दिसते म्हणतात. तो अभिनेता टेड डॅन्सनचा पुठ्ठ्याचा कटआउट होता. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेत मे २०१९ मध्ये टेबलावर कॉफीचा कप राहिला, ही चूक खरी. पण जगभर ज्या स्टारबक्स कंपनीचे नाव गाजले, तिचा तो कप नव्हता. तो सेटवरच्या खानपान सेवेचा होता.

असे काही पाहिले की तीन गोष्टी तपासाव्यात. दाखवलेली चौकट मूळ चित्रपटात खरेच आहे का? रीलमध्ये ती बदललेली असू शकते. दुसरे, ती त्या चित्रपटाच्या कोणत्या आवृत्तीतील आहे? आणि तिसरे, ज्याला चूक म्हटले जाते त्यामागे साधे उत्तर आहे का? रामगढच्या टाकीमागे इंजिन असू शकते, तसे.

चूक आता पुसता येते का?

येते. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधील तो कप दोन दिवसांत डिजिटल तंत्राने काढून टाकण्यात आला. पूर्वी प्रिंट चित्रपटगृहात गेली की चूक कायमची झाली. आता ओटीटीवरील प्रत गुपचूप बदलली जाऊ शकते. 'स्टार वॉर्स' (१९७७) मध्ये एका सैनिकाचे डोके दारावर आपटते. निर्मात्यांनी ती चूक काढली नाही. २००४ च्या डीव्हीडीत उलट डोके आपटल्याचा आवाज घातला.

कप पुसणे सोपे आहे. चुकीच्या हंगामातील फड, परकी वाटणारी बोली किंवा कुर्डुवाडीऐवजी दूधसागरला गेलेली गाडी मात्र संगणकावर दुरुस्त होत नाही. त्यासाठी चित्रीकरणाआधी त्या भागातल्या माणसाला विचारावे लागते. सोलापूर जिल्ह्यात, विशेषतः करमाळा आणि माळशिरस तालुक्यांत, आता चित्रपटाचा कॅमेरा जवळून पाहिलेली पिढी आहे. ऊस, पाणी, रेल्वे आणि बोली या बाबतीत पुढच्या युनिटच्या कंटिन्युइटीच्या वहीत चार नोंदी तिच्याकडून आल्या, तर त्या चित्रपटातील निदान या चुका तरी टळतील.